रात्रपाळीचा बहिर्जी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पंचवीस वर्षं आपण पाणी, लिफ्ट आणि पार्किंगवर पुष्कळ बोललो. आज मुलं खाली आइस्क्रीमला गेली आहेत, तेवढ्यात एका गुपिताबद्दल बोलून घेतो.

ज्यांची नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यांना 'एल्फ' ठाऊक असेल. डिसेंबर लागला की घरात लाल टोपीचा बाहुला येतो. मुलं झोपली की आईबाप त्याची जागा बदलतात. सकाळी तो कधी पिठात लोळलेला, कधी फ्रिजमध्ये बसलेला सापडतो. कॅरल एबरसोल्ड आणि चांडा बेल या मायलेकींच्या २००५ सालच्या पुस्तकामुळे ही प्रथा पसरली.

आपल्याला यात नवल नाही. गौरी येतात त्या दिवशी आपणच उंबऱ्यापासून पावलं उमटवतो आणि पोरं डोळे मोठे करून बघतात.

आपल्याकडे दिवाळीत पार्किंगशेजारी मुलं किल्ला करतात, चाकणचा संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवलेला हा भुईकोट. कित्येक मुलांचे आईबाप रोज कंपनीच्या बसनं त्याच चाकणला जातात. एकाची फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याची सेकंड. सगळं घर एका वेळी जागं सापडणं मुश्कील. म्हणून आम्ही ज्येष्ठांनी एक उद्योग सुरू केला.

किल्ल्यावरच्या एका मावळ्याचं नाव बहिर्जी ठेवलं. बहिर्जी नाईक म्हणजे महाराजांचे हेरप्रमुख, वेषांतरात पटाईत. रात्री अकरानंतर आमचा बहिर्जी जागा सोडतो. एका सकाळी बुरुजावर कापसाची दाढी लावून बसलेला, दुसऱ्या दिवशी उगवलेल्या हळीवात दडलेला. नाइट शिफ्टहून परतणारा बाप आता आधी किल्ल्यापाशी थांबतो. मुलगा दात न घासताच खाली आलेला असतो. दहा मिनिटं दोघं मिळून शोधतात. त्या दहा मिनिटांसाठीच हा खटाटोप.

नियम तीनच. खर्च करायचा नाही. कुणाला रडू येईल अशी खोडी नाही. आणि तिसरा, बहिर्जी चहाडी करत नाही. तिकडचा एल्फ म्हणे रोज रात्री सांताला मुलांची खबर देतो. आपला हेर शत्रूच्या गोटातली बातमी आणायचा, घरच्या लेकरांची नव्हे. 'अभ्यास कर, नाहीतर बहिर्जी सांगेल' असं कुणी म्हणू नये. धाक शिरला की मूल शोधायचं सोडून लपायला लागतं.

एक दिवस मूल विचारणारच, "आजोबा, तुम्हीच हलवता ना?" खोटं रेटू नका. "उद्या तू हलव," म्हणा. मागच्या दिवाळीत सहावीतल्या एका मुलीनं आम्हाला असंच पकडलं. आता धाकट्यांसाठी जागा तीच ठरवते, आणि आमच्यापेक्षा बरी ठरवते.

यंदा माणसं कमी पडताहेत. गुडघे दुखत असले तरी चालेल, किल्ला तळमजल्यावरच आहे. नावं माझ्याकडे द्यावीत.