बंदीनंतरची चिनी भाषा



गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकसह 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. महिनाभरात नवे शैक्षणिक धोरण आले. त्याच्या मसुद्यात शाळांत शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये चिनीचे नाव होते, अंतिम धोरणातून ते गेले. अमेरिकेत उलटे घडले. जानेवारी 2025 मध्ये टिकटॉकवरची बंदी तोंडावर आली आणि तिथली कितीतरी तरुण मंडळी शियाओहोंगशू, म्हणजे रेडनोट, या चिनी अ‍ॅपवर गेली. त्याच आठवड्यात भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो या अ‍ॅपने जाहीर केले, की अमेरिकेत नव्याने चिनी शिकू लागलेल्यांची संख्या वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 216 टक्क्यांनी वाढली आहे.

असे का व्हावे? आपल्या टिकटॉकवर चिनी माणूस भेटतच नसे. चीनमध्ये त्याच कंपनीचे वेगळे अ‍ॅप चालते. झाडीपट्टीतल्या मोबाइलवर दिसायची ती धानाची रोवणी, दंडार, आपलीच पोरे. त्यात चिनी शिकायचे कारण कुठून येणार? रेडनोटवर मात्र चिनी मुले समोर होती. कोणी इंग्रजीचा गृहपाठ तपासून मागत होते, कोणी घरचा स्वयंपाक दाखवत होते. त्यांना उत्तर द्यायचे तर चार शब्द शिकणे आलेच.

गडचिरोलीला हे नवे नाही. हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आदिवासींची माडिया भाषा शिकले, कारण दुखणे सांगणारा माणूस समोर होता. तसेच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तिथल्या युद्धातील जखमींवर उपचार करताना चिनी बोलू लागले.

चिनी शिकायला आपल्यापाशीही कारण आहे. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने सातव्या शतकात पाहिलेली कोसलची राजधानी म्हणजे आपले चंद्रपूर जिल्ह्यातले भांदक, असे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने सुचवले. इतर अभ्यासक छत्तीसगडातल्या सिरपूरकडे बोट दाखवतात. भांदकची विजासन लेणी लहानपणापासून पाहिलेल्या चंद्रपूरच्या मुलीने हा वाद मूळ चिनी मजकूर वाचून अभ्यासावा, असे मला मनापासून वाटते.

गलवानमध्ये आपले 20 जवान शहीद झाले. ते दुःख विसरायचे नाही. पण ज्या शेजाऱ्याशी तंटा आहे, त्याचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून भागत नाही. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांना चिनी शिकण्याची सोय घराजवळच्या महाविद्यालयात मिळायला हवी.