‘बरा झाला’ या शेऱ्यानंतर

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय कामाचा आढावा डॉक्टरसाहेबांनी घेतला आणि हिशेब लेखापरीक्षकांनी वाचून दाखविले. आमच्या वाट्याला आलेला विषय या दोन्हींत नीट बसत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु रुग्ण दाखल होताना आणि घरी जाताना जो एकच टेबल त्याला दोन्ही वेळा ओलांडावा लागतो, त्या टेबलामागे आमची अनेक वर्षे गेली आहेत. घरी जाण्याच्या कागदावर अखेरचा एक रकाना असतो. त्यात ‘बरा झाला’ असा शेरा पडला की आमच्या लेखी ते खाते बंद होते. रुग्णाच्या लेखी ते पुष्कळदा त्याच दिवशी उघडते. आजचे बोलणे त्या दुसऱ्या खात्याविषयी आहे.

हा विषय देवळाली कॅम्पात बोलला जावा यात एक औचित्य आहे. आपल्या गावाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला, आणि तो काही मिरविण्यासारखा नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबईला उतरणारे आणि मुंबईहून मायदेशी परतणारे गोरे सैनिक येथील छावणीत थांबत. सैन्याची जहाजे साधारणपणे हिवाळ्याच्या हंगामातच ये-जा करीत. ज्याची नोकरीची मुदत नेमकी हंगाम संपल्यावर पुरी होई, त्याला पुढचे जहाज मिळेपर्यंत महिनोन्‌महिने येथे बसून राहावे लागे. काम नाही, शिस्तीचा धाक सैल, वर उन्हाळा, हिवतापाची आणि इतर रोगांची धास्ती. त्यांतले काही भ्रमिष्टासारखे वागू लागत. अशा माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे त्याचे सोबती म्हणत. ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली. आणि ‘टॅप’ हा ज्वर या अर्थाचा हिंदुस्थानी शब्द, आपल्या ‘ताप’ शब्दाचा भाऊबंद. फ्रँक रिचर्ड्‌स या जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या प्रकाराचे वर्णन केले आहे. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि डोके फिरलेल्या माणसाला नुसते ‘डूलॅली’ म्हणण्याचा प्रघात इंग्लंडात रूढ झाला. आपल्याला यातून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की ताप आणि मन यांची सांगड त्या अडाणी शिपायांनाही दिसली होती. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली होती. लढाईच्या धुमश्चक्रीत टिकलेला माणूस लढाई संपल्यावरच्या रिकाम्या वाट पाहण्यात खचतो.

याच देवळालीची दुसरी ओळख अधिक सुखद आहे. कोरड्या हवेसाठी मुंबईच्या पारशी, गुजराती, कच्छी, जैन समाजांनी येथे आरोग्यभुवने बांधली. लॅम रोडच्या दुतर्फा त्या जुन्या वास्तू आजही उभ्या आहेत. आजारातून उठलेला माणूस येथे ‘हवाबदला’साठी येई. क्षयावर गुणकारी औषध नव्हते त्या काळात विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक आहार हेच उपचार होते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि चित्र बदलू लागले. त्यानंतर मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे सिद्ध केले, की औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच चांगला बरा होतो आणि त्याच्यामुळे घरच्यांना होणारा धोकाही वाढत नाही. हा निष्कर्ष साऱ्या जगाने स्वीकारला. गरिबाला त्यामुळे घर न सोडता उपचार मिळू लागले, ही फार मोठी गोष्ट झाली. जुन्या आरोग्यधामांचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तेथून परत न आलेल्यांची संख्या लहान नव्हती. तरी एक वस्तू त्या व्यवस्थेबरोबर गेली. आजार आणि कामधंदा यांच्यामधला एक टप्पा होता, त्यात आपल्यासारखेच सोसलेल्या माणसांची सोबत होती, तो टप्पा उरला नाही. आज रुग्ण शनिवारी घरी जातो आणि सोमवारी त्याने कामावर हजर व्हावे अशी अपेक्षा असते.

मग काय होते? आमच्या टेबलापर्यंत आलेल्या काही गोष्टी, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगतो. भगूरच्या बाजूचे एक द्राक्ष बागायतदार २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूवर होते. बरे झाले, बागेत जाऊ लागले. परंतु बोटाला लावायचे ऑक्सिमीटर त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काही सुटेना. रात्री उठून तीन-चार वेळा आकडा पाहायचा. आकडा सत्त्याण्णव, तरी झोप नाही. दुसरी एक तरुण मुलगी. क्षयाचा सहा महिन्यांचा औषधोपचार तिने एकही खाडा न करता पुरा केला, थुंकीची तपासणी निर्दोष आली, वजन वाढले. घरात तिचे ताट-वाटी मात्र वर्षभर वेगळेच राहिले. तपासणीचा कागद तिने आईला दाखविला. आईने तो देवघरात ठेवला आणि ताट वेगळेच ठेवले! ती मुलगी आमच्याकडे आली ती दुसऱ्या प्रमाणपत्रासाठी. “मोठ्या अक्षरात लिहून द्या,” असे तिचे म्हणणे होते.

वास्तविक परिणामकारक औषधे सुरू झाल्यावर बहुतेक क्षयरुग्णांपासून इतरांना होणारा संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच पुष्कळ कमी होतो. जंतू सोडून जातात. लोकांच्या नजरा इतक्या लवकर सोडत नाहीत.

कोविडनंतरच्या मनःस्थितीविषयी आकडे उपलब्ध आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मुख्यतः अमेरिकेतील २,३६,३७९ कोविडमुक्त रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिन्यांच्या आत सुमारे ३४ टक्के रुग्णांच्या नोंदीत मज्जासंस्थेचे किंवा मानसिक विकाराचे निदान आढळले. यांतील अनेकांना तो त्रास आधीही होता, परंतु जवळजवळ १३ टक्के रुग्णांना असे निदान आयुष्यात प्रथमच झाले. अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत प्रमाण अधिक होते. आपल्या जिल्ह्याने जे पाहिले ते अशा तक्त्यांत मावत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक शहरात प्राणवायूच्या टाकीची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवशी जिल्ह्यातील इतर रुग्णालयांत नाकाला नळी लावून जे पडून होते आणि ज्यांच्या उशाशी ती बातमी पोहोचली, त्यांच्यापैकी कोणाला आज नळाच्या फिसफिस आवाजाने दचकायला होत असेल, तर त्यास दुबळेपणा कोण म्हणेल? म्युकरमायकोसिसमध्ये डोळा किंवा जबडा गमावून जिवानिशी वाचलेले तर आरशासमोरच रोज नव्याने आजारी पडतात.

येथे एक सावधगिरी डॉक्टरांनी आम्हांस आवर्जून सांगावयास सांगितली आहे. प्रत्येक उदासी ‘मनाची’ नसते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर वापरल्या जाणाऱ्या सायक्लोसेरिनमुळे नैराश्य, भ्रम, क्वचित आत्मघाताचे विचार उद्‌भवू शकतात. इथिओनामाइडमुळे थायरॉइड मंदावते आणि माणूस सुस्त, निरुत्साही होतो. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने झोप उडते, स्वभाव पालटतो. म्हणून घरच्यांनी ‘हल्ली तो विचित्रच वागतो’ असे म्हणून गप्प न बसता गोळ्यांच्या पाकिटांसह त्याला डॉक्टरांपुढे आणावे. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नये. अर्धवट सोडलेला क्षय अधिक चिवट होऊन परततो.

औषधाने सुटण्यासारखे जे आहे ते सोडविल्यावर जे उरते, त्यासाठी सजगतेच्या सरावाचा उपयोग होतो का, हा प्रश्न. आपण त्यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला १९७६ पासून धम्मगिरी येथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. त्यांचे आचार्य सत्यनारायण गोयंका, जे २०१३ साली निवर्तले, हे मूळचे ब्रह्मदेशातील व्यापारी. असह्य अर्धशिशीने त्रस्त होऊन ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. व्यापारी मनुष्य डोकेदुखीवर उपाय शोधत निघाला आणि त्यातून हे उभे राहिले, याचे आम्हां हिशेबनीसांना विशेष कौतुक वाटते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्‌स विद्यापीठाच्या रुग्णालयात सजगतेचा वर्ग सुरू केला; डॉक्टरांनी ‘आता याच्याबरोबरच जगायला शिका’ असे सांगून परत पाठविलेल्या दीर्घ वेदनेच्या रुग्णांसाठी तो होता. त्यात धर्म नव्हता, दीक्षा नव्हती. जे आत्ता घडते आहे ते आहे तसे पाहावे, त्यावर लगेच निकाल देऊ नये, एवढेच सूत्र.

परंतु नुकत्याच आजारातून उठलेल्या, झोप न लागणाऱ्या, घाबऱ्या झालेल्या माणसाने एकदम दहा दिवसांच्या मौन शिबिरास जाऊ नये, असेच आमचे मत आहे. अशा शिबिरांच्या नियमांतही गंभीर मानसिक विकार असलेल्यांना परावृत्त केले जाते. सराव हा औषधाच्या जोडीने चालणारा. औषधाच्या जागी बसणारा नव्हे.

आपल्या रुग्णालयात दर गुरुवारी दुपारी भरणाऱ्या बैठकीत एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. सगळीकडे पहिला पाठ श्वास पाहण्याचा असतो. ज्याचा श्वासच महिनाभर शत्रू होऊन बसला होता, त्याला ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटले की छातीत धडधड सुरू होते. म्हणून आपल्या समुपदेशक ताईंनी आरंभ पायांपासून केला. तळवा जमिनीला टेकला आहे, फरशी गार आहे, टाच जड आहे. मग हात. मग कानावर येणारे आवाज. देवळालीत आवाजांना तोटा नाही. स्टेशनावरून गाडी जाते. तिकडे तोफखाना प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर सराव चालू झाला की खिडकीची तावदाने थरथरतात. आपण देवळालीकर लहानपणापासून त्या आवाजाला सरावलेले. पण आजारानंतर तोच आवाज कित्येकांना सोसेना. बैठकीत त्याचाच पाठ झाला. तोफ वाजली, अंग आकसले, खांदे वर गेले, पुन्हा खाली आले. बस्स, एवढेच पाहावयाचे. काही आठवड्यांनी एका निवृत्त सुभेदारांनी सांगितले, “साहेब, आता तोफ तोफच वाटते.” श्वासाचा पाठ त्यानंतर, तोही ज्याला हवा त्याला, डोळे उघडे ठेवून.

ऑक्सिमीटरवाले बागायतदारही येतात. यंत्र त्यांच्या खिशात अजून असते. रात्री ते काढण्यापूर्वी दहा वेळा पायाची बोटे हलवून पाहायची, मग हवे तर आकडा बघायचा, असा त्यांनी स्वतःशीच करार केला आहे. तीन वेळांची एक वेळ झाली आहे. याला बरे होणे म्हणावे का, ते तज्ज्ञांनी ठरवावे. त्यांच्या पत्नीला झोप मिळू लागली, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे.

त्या मुलीच्या ताटाचा प्रश्न बैठकीने सुटणारा नव्हता, कारण सराव आईने करावयाचा होता. आईला बोलाविले. क्षयरोगतज्ज्ञांनी तिला समजावले; ऐकून घेतले, मानले नाही. नंतरच्या गुरुवारी बैठक संपल्यावर चहा झाला, तेव्हा ताईंनी आईच्या देखत मुलीच्या बशीतले बिस्किट उचलून खाल्ले. कोणी काही बोलले नाही. घरी पुढे काय झाले याची चौकशी आम्ही केलेली नाही; मुलीने दुसरे प्रमाणपत्र मागितलेले नाही.

आता खर्चाचे. शासनाने एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाच्या आहारासाठी दरमहा पाचशे रुपये देण्यास सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम एक हजार केली. औषधे सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. मनासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे; तो क्रमांक आम्ही घरी जाण्याच्या कागदावर छापून घेतला आहे. परंतु गुरुवारच्या बैठकीचा खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही. समुपदेशक ताईंचे अर्धवेळ मानधन, महिन्यातून एकदा नाशिकहून येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचा प्रवासखर्च, सतरंज्या आणि चहा एवढाच तो आहे. गेल्या बैठकीत एका विश्वस्तांनी विचारले, की यातून रुग्णालयाला उत्पन्न काय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. उत्तर ‘काही नाही’ असे आहे. ताळेबंदात ही रक्कम खर्चाच्या बाजूलाच पडेल आणि दरवर्षी पडेल. आजवर ती किरकोळ खर्चात धरली गेली. किरकोळ खर्चाला सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि कपात करावयाची वेळ आली की पहिली कात्रीही त्यालाच लागते. म्हणून येत्या वर्षापासून तिचे स्वतंत्र खाते असावे, आणि त्यास निदान तीन वर्षांची मंजुरी मिळावी, असा ठराव आम्ही सभेपुढे ठेवीत आहोत. ठरावाची प्रत सर्वांच्या हाती आहे.

बैठक दर गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता, बाह्यरुग्ण विभागामागील जुन्या भांडारगृहात भरते. खोलीला पायरी आहे. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी मागील दार उघडे ठेवले जाते. रुग्णाबरोबर घरातील एकाने यावे. नाव नोंदविण्याची आवश्यकता नाही.