सांधे सुजले, तरी हालचाल हवी

बोईसर-तारापूरला पहिल्या पाळीची तयारी चाललेली असते… आणि बोटं इतकी आखडतात, की डब्याचं झाकण लागत नाही. हालचाल केली की सैलावणारा, पण अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा हा ताठरपणा आमवाताचा असू शकतो. वयाची झीज म्हणून तो अंगावर काढू नका. पुणे जिल्ह्यात भिगवणला 1996 पासून घरोघर पाहणी झाली. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला. म्हणजे हा खेड्यापाड्यांतलाही आजार आहे.

कुणी म्हणेल, सुजलेला सांधा हलवला तर आणखी झिजेल. शंका रास्त आहे. पण सांधा पोखरते ती सूज… आणि पडून राहिल्यानं त्याला आधार देणारे स्नायू रोडावतात. नेदरलँड्समध्ये रुग्णांनी दोन वर्षं नेमानं जोरकस व्यायाम केला. त्यांची कामाची क्षमता वाढली. आधीच फार खराब झालेले मोठे सांधे सोडले, तर नुकसान वाढलं नाही. म्हणून पुन्हा सांगते, हालचाल हवी. सूज भडकली असताना भार नको, हलकी हालचाल पुरे… ओसरली की ताकदीचे व्यायाम. किती, ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील. औषध मात्र सोडायचं नाही. बोटांची सूज दोन-तीन आठवडे टिकली, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवाच.