धुऱ्यापासून किती फूट?

अमरावती-अकोल्याहून आलेल्या माझ्या गणित शिक्षक बंधुभगिनींनो,

उन्हाळी प्रशिक्षण कसं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पडद्यावर स्लाइड सरकतात, साधनव्यक्ती त्या वाचून दाखवतात, हजेरीपटावर सही होते, प्रमाणपत्र मिळतं. राज्यपातळीवर जे सांगितलं जातं ते जिल्ह्यापर्यंत अर्धं पोचतं आणि तालुक्यापर्यंत पाव. माझं दुःख याहून मोठं आहे. या प्रशिक्षणात गणितच नसतं. गणित कसं शिकवावं यावर दिवसभर बोलणं होतं, पण वही उघडून तासभर अडकून बसावं असं एकही उदाहरण शिक्षकाच्या वाट्याला येत नाही. अडकणं म्हणजे काय हे शिक्षकच विसरला, तर अडकलेल्या पोराजवळ तो धीरानं बसणार कसा?

म्हणून आज एक उदाहरणच मांडतो, आपल्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातलं. 20 बाय 20 फुटांवर एका एकरात संत्र्याची किती झाडं बसतील? एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, एका झाडाला 400 चौरस फूट, भागाकार 108.9. आपण फळ्यावर ‘109 झाडे’ लिहितो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. पण ज्याच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे ते पोरगं विचारेल, “सर, वावर कसं आहे? धुऱ्यापासून किती फूट सोडायचे?”

आता थांबायला हवं, कारण प्रश्न बरोबर आहे. समजा वावर पट्टीसारखं आहे, 66 फूट रुंद, 660 फूट लांब. हाही नेमका एक एकर. धुऱ्यापासून 10 फूट सोडले तर रुंदीत तीनच ओळी बसतात, ओळीत 33 झाडं, एकूण 99. तीनच फूट सोडले तर ओळी चार होतात आणि झाडं 132. तेवढंच वावर, झाडांमधलं अंतर तेच, आणि फरक 33 झाडांचा! वावर चौरस असेल तर बाजू सुमारे 208.7 फूट येते आणि झाडं अनुक्रमे 100 आणि 121. म्हणजे 10 फूट सोडले तर चौरस वावर एका झाडानं पुढे, आणि तीन फूट सोडले तर पट्टी अकरा झाडांनी पुढे. असं का, हे मी इथे सांगणार नाही. जेवणाच्या सुट्टीत कागद-पेन्सिल घेऊन बसा.

एवढ्यात वर्गातली एखादी मुलगी म्हणते, झाडं समोरासमोर कशाला, शेजारच्या ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध लावू. ती त्रिकोणी लागवड. त्यात ओळींमधलं अंतर 20 वरून 17.32 फुटांवर येतं आणि मोठ्या बगीच्यात झाडं साधारण 15 टक्क्यांनी वाढतात. क्षेत्रफळाच्या भागाकारातून निघालेला वर्ग समभुज त्रिकोणाच्या उंचीपर्यंत, 10√3 पर्यंत, स्वतः येऊन पोचला. आणि धुऱ्यापासून तीन फुटांवरच्या झाडाच्या फांद्या शेजाऱ्याच्या वावरात गेल्या तर? 132 हे उत्तर ठेवायचं की सोडायचं, हे त्यावर ठरेल.

याला समस्याधारित अध्ययन म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं 1969 मध्ये वैद्यकीय शिक्षण या पद्धतीनं सुरू केलं आणि तिथून हे नाव जगभर गेलं. गणिताच्या शिक्षकांसाठी मला जवळचे वाटतात ते जॉर्ज पोल्या. स्टॅनफर्डला ते शिक्षकांचे वर्ग घेत. उदाहरणं शाळेच्याच आवाक्यातली, पण डोकं खर्ची घालायला लावणारी. ती शिक्षकांनीच सोडवायची, आणि मग आळीपाळीनं एकेकानं उभं राहून इतरांचा वर्ग चालवायचा. 1962 आणि 1965 मध्ये दोन भागांत आलेला त्यांचा ‘मॅथेमॅटिकल डिस्कव्हरी’ हा ग्रंथ अशाच वर्गांतून उभा राहिला.

आणि आपले कापरेकर! देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 शिकवलेला हा शिक्षक. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं. तीन अंकी संख्येत 495. पाच अंकांचं काय, असं मुलांनी विचारलं तर त्यांना करू द्या. तिथे असा एक आकडा सापडत नाही, फेरे सापडतात. वजाबाकी येणाऱ्या कुठल्याही मुलाला हे शोधता येतं. शोधाची ही सवय शाळामास्तराला परकी नाही, हे कापरेकरांनी दाखवून दिलं.

तुमची अडचण मला कळते. पोर्शन कधी संपवायचा? दहावीचा निकाल कोण बघणार? सगळंच असं शिकवा, असं मी म्हणत नाही. पाढे पाठच हवेत, लसावि-मसाविचा सराव हवाच. पण प्रत्येक घटकात एक तरी उदाहरण असं असावं, ज्याचं उत्तर शिक्षक पहिल्या तासात सांगणार नाही. धारणी-चिखलदऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथल्या कोरकू मुलाला गणिताआधी उदाहरणाची मराठीच अडवते. तिथे खडे आणि चित्रं हवीत, कोरकू बोलणारा सहकारी हवा, आणि त्या शिक्षकांसाठी वेगळा गट हवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं, 2020 साली, प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सुचवला आहे. त्यातले 20 तास आपण मागूया. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, बंद सभागृहात कुणाचं डोकं चालत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात पाच दिवस, सकाळी सात ते अकरा, असं प्रशिक्षण घ्यावं. गटात तीसच शिक्षक असावेत. प्राथमिकचे आणि माध्यमिकचे एकत्र बसवावेत, कारण संत्र्याचं उदाहरण दोघांनाही लागतं. रोज एकच उदाहरण द्यावं आणि पहिले दोन तास उत्तर कुणीही सांगू नये, साधनव्यक्तीनंही नाही. याच गटानं दिवाळीनंतर पुन्हा एक दिवस भेटावं आणि येताना आपल्या वर्गातल्या मुलांच्या वह्या आणाव्यात, चुकलेल्या उत्तरांसकट.

या मागणीचा ठराव दुपारच्या सत्रात तुमच्यापुढे येईल. त्यात दुरुस्त्या सुचवा, वाद घाला, आणि मग दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे तो आपण स्वतः घेऊन जाऊ.