समाजमाध्यमांत जाताना

वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी या माध्यमांत बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ असतात. समाजमाध्यमांत हा भेद उरत नाही. तिथे खाते उघडणारा प्रत्येक जण श्रोताही असतो आणि वक्ताही. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले, व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मात्र या माध्यमांचा खरा प्रसार झाला तो २०१६ नंतर, जिओच्या आगमनाने इंटरनेटचे दर कोसळल्यावर. तेव्हापासून त्यांत जावे की न जावे, हा प्रश्न शेतकरी, गृहिणी, निवृत्त शिक्षक आणि शाळकरी मुलांचे पालक अशा सगळ्यांपुढे येऊन ठेपला आहे.

फायद्यांत सर्वांत भक्कम आहे तो कामाच्या माहितीचा. नाशिक-सांगली भागातल्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आले की डाउनी या रोगाची धास्ती असते. पानावर रोगाचा डाग दिसला की तो फोटो काढून बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो आणि कोणती फवारणी घ्यावी याचा सल्ला त्याच दिवशी मिळवतो. रोग झपाट्याने पसरणाऱ्या पिकात एकेका दिवसाचे मोल मोठे असते. घरी मसाले-पापड करणाऱ्या बाईला दुकानाचे भाडे न भरता गिऱ्हाईक मिळते, परदेशी असलेल्या नातवंडांचे चेहरे आजी-आजोबांना रोज दिसतात.

संकटकाळात तर या माध्यमांनी जीव वाचवले आहेत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे मिळेल, हे अनोळखी माणसे एकमेकांना रात्ररात्र जागून कळवत होती. अशी मदतीची हाक देणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ रोजी सरकारांना बजावले होते.

पण बातमी ज्या वेगाने धावते त्याच वेगाने अफवाही धावते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते आणि लोकांनी त्यांवर विश्वास ठेवला. संदेश पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण इतरांना सावध करत आहोत असेच वाटत असणार. म्हणूनच ही घटना महाराष्ट्राने विसरता कामा नये. अशा हत्या देशात इतरत्रही घडल्यावर, त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. पुढे २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन आले. ही बंधने योग्यच आहेत, परंतु खरेखोटे पारखण्याचे काम ती करू शकत नाहीत.

दुसरा तोटा या माध्यमांच्या अर्थकारणातून येतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम फुकट वापरता येतात, कारण त्यांचे उत्पन्न जाहिरातींचे आहे. माणूस जितका वेळ पडद्यावर खिळून राहील, तितक्या जाहिराती त्याच्यापुढे येतात. त्यामुळे काय दाखवायचे हे ठरवणारी संगणकीय यंत्रणा त्याला काय खिळवून ठेवील, हे आधी पाहते. राग, भीती आणि मत्सर यांनी माणूस सहज खिळतो. एका मिनिटासाठी हातात घेतलेला फोन तासाभराने खाली ठेवला जातो, याचा सगळा दोष वापरणाऱ्याच्या दुबळ्या मनावर टाकणे अन्यायाचे आहे.

खासगी माहितीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. २०१८ मध्ये उघड झालेल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरची एक व्यक्तिमत्त्व चाचणी सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतली होती. पण त्यांच्या मित्रयादीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकनेच मान्य केले. म्हणजे ज्यांनी ती चाचणी पाहिलीही नव्हती, त्यांचीही माहिती गेली. खाते उघडणारा माणूस आपल्याबरोबर आपल्या नातलगांचे फोटो, फोन नंबर आणि नावेही माध्यम चालवणाऱ्या कंपनीच्या स्वाधीन करत असतो.

लहान मुलांच्या बाबतीत सावधगिरीकडेच झुकले पाहिजे. बहुतेक कंपन्यांनी किमान वय १३ ठेवले आहे, पण खोटी जन्मतारीख टाकून ते सहज ओलांडता येते. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून ही मर्यादा १६ वर नेली आणि ती पाळण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

या सगळ्याचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट दिसते. ज्याच्यापुढे ठरावीक काम आहे, ज्याला कोणाशी आणि कशासाठी बोलायचे हे माहीत आहे, त्याला ही माध्यमे भरपूर देतात. केवळ सगळे आहेत म्हणून जाणाऱ्याला मात्र यंत्रणा जे वाढील ते घ्यावे लागते. प्रौढ माणसाने जरूर जावे, पण काम ठरवून जावे, खात्याच्या गोपनीयतेची व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी आणि खात्री नसलेला संदेश आपल्यापाशीच थांबवावा. पैशांची फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. तक्रार जितकी लवकर पोचते, तितकी गेलेली रक्कम बँकेत रोखून धरण्याची शक्यता अधिक असते.