जसा उजेड, तसा डोळा

माशी मारायला हात उचलावा आणि ती निसटावी, हा आपला नेहमीचा अनुभव. तिचा डोळा हजारो नेत्रिकांचा बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिकेला स्वतःचं भिंग असतं आणि ती समोरच्या दृश्याचा एकेक ठिपका टिपते. चित्र आपल्याइतकं रेखीव दिसत नाही. पण हालचाल मात्र चटकन कळते.

मात्र सगळ्या कीटकांचे डोळे सारखे नसतात. तळ्यावर घिरट्या घालणाऱ्या चतुराला उडता उडता डास पकडायचे असतात, म्हणून त्याच्या एकेका डोळ्यात जवळपास ३०,००० पर्यंत नेत्रिका असू शकतात. पाण्यावर गिरक्या घेणाऱ्या काळ्या किड्यांचे डोळे तर विभागलेलेच असतात. वरचे भाग हवेत पाहतात, खालचे पाण्यात! रात्री हिंडणाऱ्या पतंगांमध्ये बहुधा अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एकाच ठिकाणी जमा होतो, त्यामुळे अंधुक उजेडही पुरतो.

मला सर्वांत नवल वाटतं ते आपल्या भीमाशंकरच्या जंगलातल्या एका भुंग्याचं. त्याचे डोळे दिवसा उडणाऱ्या मधमाशीच्या धाटणीचे. म्हणजे प्रत्येक भिंगाचा प्रकाश वेगळाच राहतो. तरीही हा भुंगा अमावास्येच्या रात्रीसुद्धा उडतो. त्याची भिंगं आकारानं मोठी असतात, पण तेवढ्यानं सगळा उलगडा होत नाही. भारतीय आणि स्वीडिश संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की केवळ चांदण्यांच्या उजेडात तो रंगही ओळखतो. त्या उजेडात आपल्याला रंग दिसत नाहीत.

इतक्या मंद उजेडासाठी घडलेल्या डोळ्यांसमोर आपण झगझगीत दिवे लावले तर काय होईल? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार उडणारे कीटक उजळ बाजूकडे पाठ ठेवतात. एरवी ती बाजू आकाशाची असते. जवळ दिवा आला, की ते त्याच्याकडेच पाठ करू पाहतात, तिरके होतात आणि भोवती फिरत राहतात. दिव्यावर झेप घेणारा पतंग प्रेमात वेडा झालेला नसतो. त्याची दिशा चुकलेली असते.

म्हणून एक विनंती. अंगणातला दिवा गरजेपुरताच लावा. त्याला वरून झाकण करा, उजेड खाली पडू द्या आणि झोपताना तो मालवा. रात्री फुलणाऱ्या कित्येक फुलांचं परागीभवन याच डोळ्यांच्या भरवशावर चालतं.