बंधारा फुटण्याआधी



ऊर्जा आणि पर्यावरण या विषयांवर बातमीदारी करत माझा जन्म गेला. या वाटेने ज्यांना यायचे आहे, त्यांना मी राजकुमार केसवानींबद्दल सांगणार आहे. भोपाळचे पत्रकार, त्यांचे 'रपट' हे साप्ताहिक अगदी छोटे. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला आणि केसवानी कामाला लागले. कामगारांना भेटले, विषारी वायूंवरचे साहित्य वाचून काढले, कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांचा सुरक्षा अहवाल मिळवला. सप्टेंबर १९८२ पासून ते लिहीत राहिले की हे शहर धोक्यात आहे. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तही लिहिले. कुणी हलले नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसे गेली.

नंतर जगभरचे बातमीदार भोपाळला पोहोचले. त्यांचेही काम मोलाचे होते. पण आपल्या पेशाची खरी कसोटी आधीच्या त्या दोन वर्षांत होती, असे मी मानतो.

तशी वर्षे आपल्याकडेही चालू आहेत. आपल्या औष्णिक वीज केंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. ती पाण्यात कालवून नळांतून राख साठवण्याच्या बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात वरचा थर वाळतो, वारा सुटला की राख गावात येते, गच्चीवर वाळत घातलेल्या पापड-कुरडयांवर बसते. बंधाऱ्यातून पाणी कुठे झिरपते, हे शेजारच्या शेतकऱ्याला नेमके ठाऊक असते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला, तेव्हा कॅमेरे धावले. त्याआधीच्या उन्हाळ्यात तिथे जाणारा बातमीदार मला हवा आहे.

आणि तिथे गेलात तर सगळ्यांचे ऐका. राखेने खोकणाऱ्या घरातल्याच मुलाला त्या केंद्रात नोकरी हवी असते. त्याचे म्हणणे गाळून लिहिलेली बातमी खोटी ठरते.

काही बातम्या तर राजपत्रातच घडतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना तो वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. इतकी मोठी गोष्ट, पण तिचा पाठपुरावा करणारे मोजकेच.

तेव्हा सुरुवात जवळून करा. आपल्या जिल्ह्यातला एक प्रकल्प निवडा. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा अहवाल त्याला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मागा. नाही दिला तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तेवढ्यात बंधाऱ्याखालच्या गावात जाऊन या.